काहिलीपासून सेन्सरपर्यंत: अकलूज परिसरातील उसाचे मोजमाप

अकलूज नीरेकाठी वसलेले; पण इथला ऊस वाढला तो नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर. गुऱ्हाळात काहिल कधी उतरवायची, हे गुळव्या फेसावरून आणि पाण्यात टाकलेल्या पाकाच्या गोळीवरून ठरवी. अनुभवाचे ते मोजमाप अचूक होते, पण माणसाबरोबर संपणारे.

सासवडच्या माळी शेतकऱ्यांची कंपनी १९३२ मध्ये स्थापन झाली आणि अकलूजजवळच माळीनगरला त्यांचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे अकलूजला शंकरराव मोहिते पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना आला. आता वजन आणि साखर उतारा यांवर उसाचा भाव ठरू लागला. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे (मुख्यतः साखरेचे) प्रमाण, पाहून तोडणीची वेळ ठरवता येते. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणून हे वेळेचे गणित शेतकऱ्याच्या पदरात थेट पैसे टाकते किंवा त्यातून काढून घेते.

साखर उद्योगात यांत्रिक वजनकाट्यांची जागा लोडसेलवरच्या (वजनाचा विद्युत संकेत करणाऱ्या सेन्सरवरच्या) इलेक्ट्रॉनिक काट्यांनी घेतली. बॉयलरचा दाब, रसाचे तापमान आणि सामू यांची नोंद नियंत्रण कक्षात सतत होऊ लागली. त्यामुळे बगॅस (इंधन म्हणून जाळला जाणारा उसाचा चोथा) आणि वाफ वाचते.

शेतातला बदल अधिक मोलाचा आहे. पाळीच्या पाण्याचा अतिवापर जमीन क्षारपड करतो. ओलावा मोजणारा सेन्सर पाणी कधी देऊ नये, हेही सांगतो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उसासाठी सेन्सर, उपग्रह आणि हवामानाची माहिती एकत्र जोडणारा प्रयोग सुरू केला आहे.