समुद्रावर वाट कोणाची? : दस्तकापासून शीडनौका-शर्यतीतील अग्रहक्कापर्यंत – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जमिनीवर रस्ता आखलेला असतो. समुद्रावर तो नसतो. त्यामुळे दोन नौका जवळ आल्या असता वाट कोणी द्यावी, हा प्रश्न नौकानयनाइतकाच जुना आहे. शिडाच्या नौकांच्या शर्यतीत या प्रश्नाचे उत्तर अग्रहक्काच्या नियमांतून मिळते. हे नियम क्रीडेचे तांत्रिक अंग मानून इतिहासाचे अभ्यासक सहसा बाजूस ठेवतात. प्रस्तुत लेखात कोकण किनाऱ्याच्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर त्यांचा विचार केला आहे.

सत्तेवर आधारलेला हक्क :
16 व्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ हा परवाना सक्तीचा केला. परवान्याविना आढळलेले जहाज जप्त होई. अकबराची आत्या गुलबदन बेगम 1576 मध्ये हजसाठी जहाजात बसली, त्यापूर्वी या परवान्यासाठी तिलाही सुरतेस ताटकळावे लागले. खुलताबादेत ज्याची कबर आहे तो मलिक अंबर (मृ. 1626) ज्या निजामशाहीचा सूत्रधार होता, तिच्या चौल बंदराशेजारीच रेवदंड्यास पोर्तुगीजांचे ठाणे होते. भूमीवरील सत्ता समुद्रावर आपोआप पोहोचत नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

पोर्तुगीजांच्या या मक्तेदारीस मराठ्यांनी आव्हान दिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारास राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. सरखेल कान्होजी आंग्रे (मृ. 1729) यांनी याच भूमिकेतून व्यापारी जहाजांना दस्तक घेण्यास भाग पाडले. 1713 मध्ये इंग्रजांशी तह झाला, तरी संघर्ष मिटला नाही. 1718 मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी आणि 1721 मध्ये कुलाब्यावर इंग्रज-पोर्तुगीजांनी केलेले हल्ले निष्फळ ठरले. येथे प्रश्न जाण्यायेण्याच्या परवानगीचा होता, तर शर्यतीत तो क्षणिक अग्रक्रमाचा असतो, हा भेद ध्यानात ठेवावयास हवा. तथापि दोहोंच्या मुळाशी ‘वाट कोणाची’ हाच प्रश्न आहे.

स्थितीवर आधारलेला हक्क :
19 व्या शतकात या प्रश्नाचे निराळे उत्तर पुढे आले. 1840 मध्ये लंडनच्या ट्रिनिटी हाउसने नाविकांचे रूढ संकेत नियमबद्ध केले. 1863 पासून ब्रिटन व फ्रान्सचे समान नियम अमलात आले आणि अन्य राष्ट्रांनीही ते स्वीकारले. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारात (अंमल 1977) तोच गाभा कायम आहे.

शर्यतीचे मुख्य नियम तीन आहेत. वारा डाव्या बाजूने घेणाऱ्या नौकेने उजव्या बाजूने घेणारीस वाट द्यावी. दोघींचा वारा एकाच बाजूचा असून त्या शेजारी असतील, तर वाऱ्याकडील नौकेने पलीकडील नौकेस वाट द्यावी. एक नौका पूर्णपणे मागे असेल, तर तिने पुढच्या नौकेपासून दूर राहावे. नौका कोणाची, केवढी, कोणत्या ध्वजाची, हे येथे गौण ठरते. वळण घेताच कालचा नव्हे, क्षणापूर्वीचा हक्कही संपतो.

याहून महत्त्वाची आहे ती हक्काची मर्यादा. अग्रहक्क असलेल्या नौकेने दिशा बदलताना दुसरीस बाजूला होण्यास पुरेशी जागा दिली पाहिजे, आणि शक्य असेल तेथे टक्करही टाळली पाहिजे. बहुतेक शर्यतींत प्रत्येक नौकेसोबत पंच नसतो. नियम मोडणाऱ्याने स्वतःहून दोन फेऱ्यांचा दंड घ्यावा, अशी अपेक्षा असते. अन्यथा प्रतिस्पर्धी तक्रार नोंदवितो व तिची सुनावणी होते.

मुंबईतील परंपरा :
1846 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबमुळे मुंबई बंदरात ही क्रीडा रुजली. आरंभी ती सत्ताधाऱ्यांची होती. 1982 च्या आशियाई स्पर्धेतील नौकाशर्यती मुंबईतच झाल्या. त्यांत फरोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल गटात भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. खांदेरी ज्या किनाऱ्यावर आहे, त्याच किनाऱ्यावर भारतीय नाविक आता सर्वांस समान अशा नियमांखाली उतरले होते.

निष्कर्ष :
1. कार्ताझ व दस्तक यांत वाटेचा हक्क सत्तेतून येई. शर्यतीत तो वारा व स्थिती यांतून येतो.
2. हा हक्क क्षणिक असल्याने तो कोणाचीही मिरास ठरत नाही.
3. हक्कधारकावरही कर्तव्य असल्यामुळेच हे नियम दंडसत्तेवाचून टिकतात. समुद्री सत्तेच्या इतिहासात तोफांची गणना पुष्कळ झाली. वाट देण्याच्या संकेतांचाही तितक्याच गांभीर्याने अभ्यास होणे आवश्यक आहे.