ग्रंथी गेली, पुढे काय?

थायरॉइडच्या कर्करोगासाठी ज्याची संपूर्ण ग्रंथी काढली, तो मनुष्य आज रोज सकाळी अनशापोटी एक लहानशी गोळी घेऊन आपल्या कामास लागतो. ही गोळी त्यास आजन्म घ्यावयाची असते. तिच्यामागील इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

स्वित्झर्लंडातील बर्न शहरी थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात गणले जात. जखम भरली की रोगी घरी जाई व यशाची नोंद होई. परंतु जिनीव्हाच्या रेव्हर्दँ यांनी शंका बोलून दाखविताच कोखरांनी आपले जुने रोगी परत बोलाविले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जण तपासले. त्यांतील १६ जण सुजलेले, मंदबुद्धी व निस्तेज झालेले आढळले. १८८३ साली कोखरांनी हे अपयश जर्मन शल्यवैद्यांच्या सभेत स्वतःच जाहीर केले.

उणीव कळली, म्हणून उपाय सुचला. १८९१ साली न्यूकॅसलच्या मरे यांनी अशाच लक्षणांच्या एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती पुढे २८ वर्षे जगली. १९१४ साली केंडॉल यांनी ग्रंथीतील थायरॉक्सिन वेगळे काढले, तर १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत घडविले. कर्करोगावरील किरणोत्सर्गी आयोडीनचा सायडलिनप्रभृतींचा वृत्तांत आला तो १९४६ साली.

आजही गोळीचे प्रमाण जुळेपर्यंत रोग्यास थकवा जाणवतो, रक्त वारंवार तपासावे लागते. घरच्यांनी त्यास आळस म्हणू नये. जखम भरल्यानंतरही रोग्याची विचारपूस करावी, हाच कोखरांचा धडा होय.