अनंतशास्त्री डोंगरे

अनंतशास्त्री डोंगरे (मृत्यू : इ.स. १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील संस्कृत पंडित व पुराणिक होते. स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास शास्त्राची मनाई नाही, असे त्यांचे मत होते आणि त्यानुसार त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना घरीच संस्कृतचे शिक्षण दिले. पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात केडगाव येथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) या त्यांच्या धाकट्या कन्या होत. अनंतशास्त्रींच्या चरित्राची बरीचशी माहिती रमाबाईंच्या आत्मपर लेखनातून मिळते.

विद्यार्थिदशा

अनंतशास्त्री हे तेव्हाच्या मंगळूर जिल्ह्यातील चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील होते. पेशवाईच्या अखेरच्या काळात ते विद्यार्जनासाठी पुण्यास आले व रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकू लागले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीसही संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री शुद्ध संस्कृत श्लोक म्हणते, हे ऐकून अनंतशास्त्रींना आश्चर्य वाटले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. गावी परतल्यावर त्यांनी प्रथम पत्नीस शिकवण्याचा प्रयत्न केला. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळे तो सिद्धीस गेला नाही.

लक्ष्मीबाईंचे शिक्षण

प्रथम पत्नीच्या निधनानंतर तीर्थयात्रेत असताना गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या वेळी वधू लक्ष्मीबाई सुमारे नऊ वर्षांच्या, तर अनंतशास्त्री चाळिशी ओलांडलेले होते. त्यांनी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवण्यास आरंभ करताच पुन्हा विरोध झाला. तेव्हा गावातील वास्तव्य सोडून ते पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात जाऊन राहिले. तुंगा व भद्रा या नद्यांचा उगम असलेले हे स्थान सध्या कर्नाटकात आहे.

या कृतीबद्दल उडुपी येथील माध्व संप्रदायाच्या पंडितांपुढे त्यांना खुलासा द्यावा लागला. अनंतशास्त्री स्वतः कर्मठ वैष्णव होते. त्यांनी शास्त्र नाकारले नाही, तर शास्त्रग्रंथांतीलच आधार पुढे करून आपल्या मताचे समर्थन केले. वेदाध्ययनाचा अधिकार मात्र त्यांनी स्त्रियांना दिला नव्हता. व्याकरण, काव्य व पुराणे यांपुरतीच त्यांची भूमिका मर्यादित होती.

तीर्थाटन व रमाबाईंचे शिक्षण

गंगामूळ येथे विद्यार्थी व यात्रेकरू यांची ये-जा असे. त्यांच्या आदरातिथ्याचा खर्च वाढून अनंतशास्त्री कर्जात बुडाले व जमीन विकावी लागली. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते स्थान सोडले. त्यानंतर तीर्थक्षेत्रांतील देवळांत पुराणे वाचून मिळणाऱ्या दक्षिणेवर त्यांचा चरितार्थ चालू लागला.

वडील वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंच्या शिक्षणाची प्रत्यक्ष जबाबदारी आईने उचलली. दिवसा घरकामातून सवड नसे, म्हणून लक्ष्मीबाई मुलीला पहाटे उठवून पाठ देत. अशा रीतीने रमाबाईंनी व्याकरणाचा अभ्यास केला आणि पुराणांतील हजारो श्लोक मुखोद्गत केले. थोरल्या कन्येचा बालविवाह दुःखदायक ठरल्यामुळे धाकटीचा विवाह लहानपणी न करण्याचा निर्णय अनंतशास्त्रींनी घेतला. तत्कालीन समाजात असा निर्णय घेणे म्हणजे लोकनिंदा ओढवून घेणे होते.

दुष्काळ व निधन

मद्रास इलाख्यातील दुष्काळात कुटुंबाची वाताहत झाली. १८७४ मध्ये अनंतशास्त्री निवर्तले. त्यांच्या पाठोपाठ लक्ष्मीबाईंचे आणि पुढे थोरल्या कन्येचेही निधन झाले. या काळासंबंधी रमाबाईंनी पुढे स्पष्टपणे लिहिले आहे. त्यांच्या मते, मुलांना केवळ धर्मग्रंथांचे शिक्षण मिळाले होते. इंग्रजी विद्येपासून व बाहेरच्या जगापासून त्यांना दूर ठेवले गेले होते. पोट भरण्याजोगे कोणतेही काम कुटुंबातील कोणास येत नव्हते आणि मोलमजुरी करणे किंवा भीक मागणे जात्यभिमानामुळे कमीपणाचे वाटत होते.

प्रभाव

आई-वडिलांच्या मृत्यूनंतर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये ते कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आई-वडिलांनी दिलेल्या शिक्षणाची ही पहिली सार्वजनिक पावती होती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची आवश्यकता मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे वडिलांच्या धर्माशी त्यांचे नाते तुटले. स्त्री-शिक्षणाविषयीचा वडिलांचा आग्रह मात्र त्यांच्या कार्यात कायम राहिला. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली शारदा सदन ही संस्था पुढील वर्षी पुण्यास आली.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांची व्यवस्था केडगाव येथील जमिनीवर करण्यात आली. पुणे–दौंड लोहमार्गावरील हे गाव भीमेच्या दक्षिणेस असून नदीपलीकडे शिरूर तालुका आहे. केडगाव येथे अक्षरओळखीबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती व छपाई यांचे शिक्षण दिले जाई. ज्या हस्तकौशल्याच्या अभावी डोंगरे कुटुंब दुष्काळात हतबल झाले, तेच कौशल्य येथे शिक्षणाचा भाग झाले. अनंतशास्त्रींनी वेदापुढे आखलेली मर्यादाही रमाबाईंनी मानली नाही : धर्मग्रंथ मुळातून वाचण्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी बायबलचा अनुवाद केला.

रमाबाईंच्या कन्या मनोरमा यांनी केडगावच्या शाळेत काम केले व अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्यास आरंभ केला. अशा प्रकारे अध्यापनाची परंपरा डोंगरे घराण्यात तिसऱ्या पिढीपर्यंत चालली. मनोरमा १९२१ मध्ये आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे निवर्तल्या.

मूल्यमापन

अनंतशास्त्रींनी शाळा काढली नाही किंवा स्त्री-शिक्षणाची चळवळही उभारली नाही. त्यांचे कार्य स्वतःच्या घरापुरते होते आणि त्याची किंमतही घरानेच मोजली. रमाबाईंनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' (१८८७) हा आपला ग्रंथ आईच्या स्मृतीस अर्पण केला आहे. वडिलांचा प्रभाव मुलीपर्यंत मुख्यतः आईच्या अध्यापनातून पोहोचला, ही गोष्ट त्यातून सूचित होते. पत्नीला शिकवण्याचा अनंतशास्त्रींचा निर्णय म्हणूनच त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचा पाया ठरला.