पुण्याची पत आणि परदेशी भांडवल

पुण्याच्या इतिहासात तलवारीचे आणि लेखणीचे गुणवर्णन जितक्या विस्ताराने झाले, तितके रोजकीर्दीचे झाले नाही. आणि तरीही अठराव्या शतकात मराठी फौजा नर्मदापार गेल्या त्या बव्हंशी सावकारांच्या पैशावर गेल्या, ही गोष्ट त्या काळचे कागद चाळणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आल्यावाचून राहत नाही. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाच्या ओझ्याची जी व्याकूळ गाऱ्हाणी आहेत, ती वाचली म्हणजे पराक्रमाइतकीच पतही राज्यकर्त्याला सांभाळावी लागते, हे पटते. या व्यवहारात स्त्रियांचे नाव खतावणीत क्वचितच आढळते; परंतु सोयरिकीच्या वाटेने पाहिले तर त्यांचे स्थान मोठे होते. बाजीरावांची बहीण भिऊबाई बारामतीच्या सावकार जोशी घराण्यात आबाजी नाईकांना दिलेली, तर पुत्र नानासाहेब यांची पत्नी गोपिकाबाई वाईच्या भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या, म्हणजे तेही घर सावकारांचेच. लेकीसुनांच्या नात्याने दोन घरांची पत बांधली जाई. पण ते बंधन सदैव टिकत असे असेही नाही, कारण १७४० साली बाजीराव निवर्तले तेव्हा आबाजींचे बंधू बाबूजी नाईक यांनीच थकलेल्या कर्जाचा तगादा लावून पेशवेपदाची आकांक्षा धरली. ज्या स्त्रीच्या नात्यावर दोन घरांचा विश्वास उभा राहिला, तिला कराराच्या बैठकीत मात्र जागा नव्हती. आणि ही जागा मिळण्यास पुण्यात पुढे दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली, हे मला या इतिहासातील सर्वांत खेदजनक कलम वाटते.

पेशवाई बुडाल्यावर दरबारच्या आश्रयाने चालणारी सावकारी क्षीण झाली. १९३४ मध्ये मराठा चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले, पण परदेशी भांडवलाचा खरा ओघ स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० च्या सुमारास, मुंबई रस्त्याने आला: दापोडीस स्वीडनची सँडविक, आकुर्डीस इटलीच्या पिआजिओच्या सहकार्याने बजाजांची स्कूटर, आणि १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्करांच्या भागीदारीत अमेरिकेची कमिन्स. या करारांचे स्वरूप हुंडीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे होते. परकीयांनी यंत्रविद्या द्यावी, तिच्याबद्दल रॉयल्टी घ्यावी, भागभांडवलात हिस्सा ठेवावा, आणि परकीय चलनाच्या प्रत्येक रकमेसाठी दिल्लीची मंजुरी घ्यावी, अशी ती चौकट होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक उद्योगांतील परदेशी हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आत आणण्याची सक्ती केली, आणि १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अनेक क्षेत्रांत एक्कावन्न टक्क्यांपर्यंतचे दार पुन्हा उघडले. या दोन तारखांच्या दरम्यान ज्यांनी पुण्यात परदेशी भागीदारांशी व्यवहार सांभाळला, त्यांना एका हाताने युरोपच्या संचालकांचे आणि दुसऱ्या हाताने सरकारी खात्यांचे समाधान करावे लागले.

त्यांत लीला पूनावाला यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १९४४ साली सिंध-हैदराबादेत जन्मलेली ही मुलगी फाळणीत निर्वासित होऊन पुण्यास आली, आणि १८५४ पासून चालत आलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६७ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन, ज्या विद्येत त्या काळी मुलींचे नावही निघत नसे, तीत तिने आपले पाऊल रोवले. स्वीडनच्या अल्फा लावलची भारतातील कंपनी त्या काळी व्हल्कन लावल या नावाने चाले. तिच्या कारखान्यात शिरून लीलाताई पायरीपायरीने व्यवस्थापकीय संचालकपदापर्यंत गेल्या, आणि १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कारखान्यातील फिटरशी आणि स्वीडनमधील संचालकाशी सारख्याच अधिकाराने बोलू शकणारा मुखत्यार मिळणे हे कोणत्याही परदेशी भागीदाराचे भाग्यच होय.

अनु आगा यांची कथा याहून करुण, आणि माझ्या मते याहून बोधप्रद आहे. वडील ए. एस. भाथेना यांनी १९६६ मध्ये बेल्जियमच्या वॉन्सन कंपनीच्या सहकार्याने बाष्पकांचा उद्योग काढला. १९८० मध्ये त्याचे नाव थरमॅक्स झाले, आणि चिंचवडच्या कारखान्याची कीर्ती वाढविली ती जावई रोहिंटन आगा यांनी. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या अनुबाई मनुष्यबळ विभाग पाहत असत. १९९६ मध्ये पती गेले, संचालक मंडळाने धुरा त्यांच्या हाती दिली, आणि वर्ष-सव्वा वर्षात अपघाताने तरुण मुलगाही नेला. इकडे बाजारात मंदी. सुमारे चारशे रुपयांचा शेअर घसरत घसरत छत्तीसपर्यंत आला, आणि एका भागधारकाने निनावी पत्र लिहून, तुम्ही आम्हांस बुडविले, असा ठपका ठेवला. त्या पत्राने आपली झोप उडविली असे त्यांनी पुढे अनेकदा उघडपणे सांगितले आहे, आणि याच मोकळेपणात मला त्यांच्या कर्तृत्वाचे बीज दिसते. कारण पैसे देणाऱ्याचा रोष ज्याला टोचत नाही, त्याच्या शब्दाला कोणत्याही देशात किंमत येत नाही. बाहेरचे सल्लागार बोलावणे, मूळ व्यवसायाशी असंबद्ध उद्योग सोडून ऊर्जा आणि पर्यावरण यांवरच लक्ष एकवटणे, संचालक मंडळात स्वतंत्र सदस्य आणणे, हे सारे त्यांनी केले, आणि गाडी रुळावर आल्यावर २००४ मध्ये अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपविले.

मेहेर यांच्या कारकीर्दीत, २०१० मध्ये, भांडवलाचा ओघ एकदम दोन्ही दिशांनी वाहिला. डेन्मार्कची डॅनस्टोकर ही बाष्पके करणारी कंपनी थरमॅक्सने विकत घेतली. ज्या युरोपच्या विद्येवर हा उद्योग उभा राहिला होता, त्याच युरोपात पुण्याचा पैसा गुंतला. त्याच वर्षी अमेरिकेच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्सशी एक्कावन्न-एकोणपन्नास हिश्शांचा करार होऊन वीजकेंद्रांच्या अवाढव्य बाष्पकांसाठी शिरवळजवळ कारखाना उभारण्यात आला. पण ज्या वीजप्रकल्पांच्या आशेवर तो उभा केला ते पुढे मागे पडले, मागणी ओसरली, आणि २०१८ मध्ये थरमॅक्सने भागीदाराचा हिस्सा स्वतःकडे घेऊन ती भागीदारी मिटविली.