जावाची माती

इंडोनेशियाचे जावा बेट क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या मात्र १५ कोटींवर भरली. एवढी माणसे या बेटावर जगतात ती ज्वालामुखींच्या कृपेने, असे म्हटले तर नवल वाटेल. मेरापीसारखे डोंगर आग ओकतात, गावे गाडतात. २०१० मध्ये साडेतीनशेच्या वर माणसे गेली. पण तीच राख मातीत मिसळून भाताला पोसते. म्हणून लोक पुन्हा त्याच उतारावर घरे बांधतात.

या बेटावर इस्लाम तलवारीपेक्षा व्यापारी आणि सूफींबरोबर अधिक आला. आपल्या कोकणी मुसलमानांप्रमाणे तेही शाफई. उत्तर किनाऱ्यावरच्या देमाकला पंधराव्या शतकाच्या अखेरीस सल्तनत उभी राहिली. तिथली जुनी जामा मशीद लाकडी खांबांवर उभी आहे. छप्पर तीन मजली उतरते, घुमट नाही. परदेशी धर्माने तिथल्या सुताराची कारागिरी जशीच्या तशी स्वीकारली, हे मला फार बोलके वाटते.

पुढे डच आले. १८२५ मध्ये शहजादा दिपोनेगोरोने त्यांच्याविरुद्ध जिहाद पुकारला. पाच वर्षांच्या लढाईत सुमारे दोन लाख जावावासी मेले. १८३० च्या मार्चमध्ये, रमजान नुकताच संपलेला असताना, बोलणी करायला आलेल्या दिपोनेगोरोला डचांनी मागेलांगला कैद केले. त्याची उरलेली पंचवीस वर्षे वनवासात गेली.

लढाईने डच तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यासाठी गव्हर्नर जनरल फान डेन बोशने त्याच १८३० साली सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाने जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा सरकारी पिकांना द्यायचा, असे कागदावर होते. प्रत्यक्षात हिस्सा वाढत गेला. ऊस भाताच्याच पाणथळ शेतात लावायचा, त्यावर राबायचे, शिवाय जमिनीचा सारा भरायचा. मग भात कोणी लावायचा? १८४९-५० मध्ये भाताचे पीक बुडाले आणि त्याच देमाक परिसरात दुष्काळ पडला. हजारो मेले, हजारो गाव सोडून गेले. माती तीच होती. हॉलंडमध्ये मात्र जावाच्या पैशातून कर्जे फिटत होती, रेल्वे टाकली जात होती.

१८६० मध्ये एका माजी डच अधिकाऱ्याने मुल्तातुली या नावाने 'माक्स हाफेलार' ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिकडे खळबळ उडाली. उसाची सक्ती त्यानंतर हळूहळू उठली. कॉफीची विसावे शतक उजाडले तरी चालूच होती.