कमरेच्या चकतीची शस्त्रक्रिया आणि वेदनेची परिभाषा

रोगाला दिलेले नाव हे केवळ अभिधान नसते; उपचाराची दिशाही पुष्कळदा त्यातच सूचित झालेली असते. कमरेच्या मणक्यांमधील चकतीवरील शस्त्रक्रियेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा व विश्रांतीचा विचार कसा पालटत गेला, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

कमरेपासून पायात उतरणाऱ्या कळेला आयुर्वेदाने ‘गृध्रसी’ म्हटले. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने तिचा संबंध मज्जातंतूशी जोडला. परंतु त्या तंतूवर दाब कशाचा पडतो, हे दीर्घकाळ अनिर्णित राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कण्याच्या पोकळीत कूर्चेचा तुकडा सापडला, तर शल्यविशारद त्यास बहुधा अर्बुद समजत. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा अशी अनेक ‘अर्बुदे’ म्हणजे वस्तुतः फुटलेल्या चकतीचे अंश होत, असे आढळून आले. त्यांचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नव्या शस्त्रक्रियेस अधिष्ठान लाभले.

निदान बदलले, तरी शुश्रूषेची रीत जुनीच राहिली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास दीर्घकाळ निजवून ठेवण्याचा तो काळ होता. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश वैद्याने १९४७ मध्ये अंथरुणावर पडून राहण्याचेच दुष्परिणाम मांडले : शिरांत रक्त गोठणे, स्नायू क्षीण होणे, अंगाला व्रण पडणे. तथापि पाठीच्या रुग्णाची धास्ती सहजी गेली नाही. आपल्याकडील ‘गादी सरकली’ हा प्रयोगही त्या धास्तीला पोषकच आहे. जी एकदा सरकली ती पुन्हा सरकेल, असा अर्थ त्यातून आपोआप निघतो. वास्तविक चकती जागची हलत नाही; तिचे बाह्य कडे फाटून आतील मऊ द्रव्य बाहेर येते.

१९९६ मध्ये यूजीन कॅरागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या ५० रुग्णांवरील हालचालींचे निर्बंध काढून पाहिले. बहुतेक जण लवकर कामावर परतले. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या निष्कर्षास मर्यादा आहे. पुढे २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत, चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने वेदना व अक्षमता अधिक लवकर कमी होतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही, असे नमूद झाले. मात्र उपलब्ध पुरावा फारसा बळकट नाही, हेही तेथे सांगितले आहे.

भाषेच्या अभ्यासकास याहून महत्त्वाची वाटेल ती रोनाल्ड मेलझॅक यांची १९७५ ची मॅकगिल प्रश्नावली. वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द त्यांनी २० गटांत विभागले. ‘किती दुखते’ याच्या जोडीला ‘कसे दुखते’ हा प्रश्न त्यामुळे शास्त्राच्या कक्षेत आला. मराठीची संपत्ती येथे अल्प नाही. पायात उतरणारी ‘कळ’, जखमेचा ‘ठणका’, स्नायूंत भरणारी ‘उसण’, पावलाला येणाऱ्या ‘मुंग्या’ व ‘बधिरता’ या भिन्न गोष्टी होत आणि त्यांची गतीही भिन्न असते. शस्त्रक्रियेनंतर कळ बहुधा प्रथम ओसरते. ठणका काही दिवस राहतो. बधिरता महिनोन्महिने रेंगाळू शकते. याउलट पाय नव्याने लुळा पडणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा लघवी अडणे ही तातडीने शल्यविशारदास कळविण्याची लक्षणे आहेत.

‘दुखते’ या एकाच क्रियापदात हे सारे कोंबले, की रेंगाळणाऱ्या बधिरतेने रुग्ण निष्कारण हताश होतो आणि खरी धोक्याची सूचना ऐकणाऱ्याच्या कानाआड जाते. अशा वेळी शब्दांची नेमकी निवड हा शुश्रूषेचाच भाग ठरतो. वेदनेच्या मराठी शब्दांचा, बोलीभेदांसह, पद्धतशीर संग्रह भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास तो केवळ कोशाच्या नव्हे, रुग्णाच्याही उपयोगी पडेल.