पुलाच्या पाया खचण्याचे उपग्रहीय मापन

पुलाच्या पाया खचण्याचे उपग्रहीय मापन ही स्थापत्य अभियांत्रिकीतील देखरेखीची एक पद्धत आहे. पुलाच्या खांबांवर जीपीएससारख्या स्थाननिश्चिती प्रणालीचे ग्राही बसवून खांबांच्या उंचीत काळानुसार होणारा बदल या पद्धतीने मोजला जातो.

पार्श्वभूमी

पुलाच्या भाराने पायाखालील माती दाबली जाते. वाळूत हे खचणे बहुतांशी बांधकामाच्या काळातच पूर्ण होते. पाण्याने संपृक्त चिकणमातीतून मात्र पाणी अतिशय सावकाश बाहेर पडते. त्यामुळे तेथे खचणे वर्षानुवर्षे चालू राहते. कार्ल तेरझागी यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रियेची मीमांसा केली. सर्व खांब सारखेच खचल्यास पुलाची हानी कमी होते. शेजारचे खांब कमीअधिक खचल्यास तुळयांवर जादा ताण येतो. सलग तुळयांच्या पुलांना हा धोका अधिक असतो.

कार्यपद्धती

एक ग्राही पुलाजवळील स्थिर खडकावर संदर्भ म्हणून बसवतात व इतर ग्राही खांबांच्या माथ्यावर बसवतात. सर्व ग्राही एकाच वेळी त्याच उपग्रहांचे संकेत टिपतात. अंतर कमी असल्यामुळे वातावरणजन्य त्रुटी दोन्हीकडे जवळजवळ सारख्या असतात आणि वजाबाकीत निघून जातात. मापनासाठी संकेताच्या वाहक लहरीची कला, म्हणजेच फेज, वापरतात. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंमी असून तिच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे २ मिमीपर्यंत, वाचन घेता येते. अनेक तासांच्या नोंदींची सरासरी काढून अचूकता वाढवली जाते.

मर्यादा

खचणे हा उंचीतील बदल आहे आणि उपग्रहीय मापनात उंची हाच सर्वांत दुबळा घटक असतो. सर्व उपग्रह क्षितिजाच्या वरच्या बाजूलाच दिसतात. त्यामुळे उभ्या दिशेतील त्रुटी परस्परांना छेद देत नाहीत आणि आडव्या दिशेच्या साधारण दोन ते तीन पट राहतात. पोलादी भागांवरून परावर्तित होणारे संकेतही मापन बिघडवतात.

शिवाय मोजला जातो तो खांबाचा माथा, पाया नव्हे. तापमान २० अंश सेल्सियसने वाढल्यास ३० मीटर उंचीचा काँक्रीटचा खांब सुमारे ६ मिमी उंचावतो. म्हणून तापमानाची नोंद ठेवणे आणि किमान वर्षभराच्या नोंदींची तुलना करणे आवश्यक ठरते. दुर्बीण व अंकित पट्टीने केलेले अचूक तलमापन आजही पडताळणीसाठी वापरतात. अखंड नोंद आणि खांब परस्परांना दिसण्याची गरज नसणे हे उपग्रहीय पद्धतीचे मुख्य लाभ आहेत.

वापर

इंग्लंडमधील हंबर पुलावर १९९० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठाने जीपीएसचे प्रयोग केले. हाँगकाँगच्या त्सिंग मा पुलावरही अशी यंत्रणा बसवण्यात आली. या दोन्ही ठिकाणी भर होता तो वारा व वाहतुकीमुळे होणाऱ्या मोठ्या हालचालींवर. काही मिलिमीटर खचणे ओळखणे त्याहून कठीण असते. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या कायम संदर्भ स्थानकांच्या जाळ्यात महाराष्ट्राचाही समावेश आहे. स्थानिक संदर्भ ग्राही स्वतः स्थिर आहे की नाही, हे अशा स्थानकांवरून तपासता येते.

पुराच्या प्रवाहाने पायाखालची माती वाहून जाते, तेव्हा खांब पूर्वसूचनेविना कोसळू शकतो. अमेरिकेतील स्कोहारी क्रीक पूल ५ एप्रिल १९८७ रोजी याच कारणाने कोसळला व १० जण मृत्युमुखी पडले. त्यामुळे खांबाच्या उंचीत बदल आढळला नाही, तरी पाण्याखालील पायाची प्रत्यक्ष तपासणी टाळता येत नाही.